दाराला लावलेला खांदा

समन्स घरात येऊन चार दिवस झाले होते आणि चार दिवस मास्टर ते उशाखाली ठेवून झोपत होता. झोपत कसला, डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहत होता! किल्ल्या बनवणारा माणूस. सत्तावीस वर्षं चौकातल्या टपरीत बसून त्यानं निम्म्या गावाची कुलपं उघडली होती. आता स्वतःच्या घराचं कुलूप उघडायलाही तो बायकोला पुढे करायचा.

आरोप एवढाच होता, की त्यानं एका माणसाला बेकायदा घरात शिरायला मदत केली. किरकोळ गुन्हा! मेहुण्याला तर हसूच आलं.

"दाजी, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आता चढावीच लागतेय, तर चढा, 'कबूल' म्हणा, दंड भरा आणि जेवायला घरी या. उगाच तारखांचा घोळ कशाला?"

"मीही तेच म्हणते," बायको म्हणाली. "अहो, मिटवून टाका एकदाचं. तुमच्याकडे बघवत नाही मला."

 दंडाची मास्टरला भीती नव्हतीच. खरं सांगायचं तर त्याला शिक्षा हवी होती.

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी एक माणूस धापा टाकत टपरीवर आला. "मास्टर, पाया पडतो, चला! बायको घरात बेशुद्ध पडलीय, दार आतून बंद आहे!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्टर जेवण अर्धवट टाकून धावला. तिसऱ्या मजल्यावरचं दार, साधं लॅच, दोन मिनिटांत निघालं. पण दार बोटभर उघडलं आणि अडलं. बाई दाराशीच पडली असेल, असं वाटून मास्टरनं खांदा लावला. दोघांच्या जोरानं दार उघडलं. आत बाई चांगली शुद्धीवर होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही, तिनं मास्टरकडे पाहिलं! पुढच्या क्षणी नवरा तिच्या अंगावर धावून गेला. मास्टरनं आरडाओरडा केला, शेजारी जमले, पण तोवर तिचा हात मोडला होता. घर तिचं होतं, ती वर्षभर नवऱ्यापासून वेगळी राहत होती, हे सगळं मास्टरला पोलीस चौकीत कळलं.

तेव्हापासून ते डोळे त्याचा पिच्छा सोडत नव्हते. किल्ली घासायला कानस हातात घेतली की ते समोर यायचे.

शेवटी बायकोनं खालच्या मजल्यावरच्या मावशींना बोलावलं. मावशी कोर्टातल्या निवृत्त टायपिस्ट. तोंड फटकळ, पण मन स्वच्छ. त्यांनी चष्मा चढवून समन्स आणि सोबतचे कागद वाचले.

"काय ठरवलंयस?"

"कबूल करतो, मावशी. पाप केलंय, भोगायला नको?"

"अरे गाढवा!" मावशी कडाडल्या. "तीस वर्षं मी लोकांचे कबुलीजबाब टाइप केले. निम्मे लोक तुझ्यासारखे. कुणाला घाई, कुणाला लाज, कुणाला साहेबांची भीती. हे वाच. 'जाणूनबुजून' असा शब्द आहे इथे. ते घर त्याचं नाही, हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग खोटं कशाला कबूल करतोस? किरकोळ म्हणे! गुन्ह्याची नोंद राहते, बाबा. घर फोडायला मदत केलेल्या किल्लीवाल्याला उद्या कोण दारात उभं करेल?"

"धंदा गेला तरी चालेल," मास्टर पुटपुटला. "मावशी, कुणाला सांगितलं नाही, पण दार नुसतं अडलं नव्हतं. आतून कुणीतरी रेटत होतं. फरशीवर पाय घसरल्याचा आवाज आला मला. तरी मी खांदा काढला नाही."

 

मावशींनी चष्मा काढला. त्यांचा आवाज खाली आला. "हे वकिलाला जसंच्या तसं सांग. आपल्या वकिलापासून काही लपवायचं नसतं. आणि आता नीट ऐक. तो नवरा काय म्हणतोय, ठाऊक आहे? कागदात आहे. म्हणतो, 'मी सामान न्यायला गेलो होतो, किल्लीवाल्याला सगळं माहीत होतं, बाई आपोआप पडली.' तू 'कबूल' म्हणालास की त्याचंच खरं झालं. त्यानं तुला काय थाप मारून नेलं, ते कधी कागदावर येणारच नाही. एकदा तू त्याला दार उघडून दिलंस. आता पुन्हा देणार?"

मास्टर ताडकन उभा राहिला. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं!

दुसऱ्याच दिवशी तो कोर्टातल्या मोफत वकिलांच्या खोलीत गेला. तरुण वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तारीख-वार लिहून घेतले आणि टपरीशेजारच्या सायकलवाल्याला साक्षीला बोलावलं. नवऱ्याचं ते गळा काढणं त्यानं ऐकलं होतं.

कोर्टात आरोप वाचून झाला. "गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं. मागच्या बाकावर ती बाई बसली होती. तिचा हात अजून सरळ होत नव्हता. मास्टरच्या जिभेवर 'हो' आलं होतं.

"नाही साहेब! कबूल नाही!"

पुढे मास्टर स्वतः साक्षीला उभा राहिला, त्या दिवशी त्याच खटल्यात आरोपी असलेल्या नवऱ्याच्या वकिलानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "दार आतून रेटलं जातंय, हे कळलं होतं ना तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. मास्टर म्हणाला, "कळलं, साहेब. बेशुद्ध बाईचं अंग दाराला लागलं असेल, असं मी मनाला समजावलं. थांबून हाक मारायला हवी होती. नाही मारली."

निकाल लागला. घर नवऱ्याचं नाही हे मास्टरला माहीत नव्हतं, म्हणून तो सुटला. नवऱ्याची थाप उघडी पडली आणि त्याला शिक्षा झाली. मास्टरच्या बायकोनं कोर्टातच डोळ्यांना पदर लावला.

बाहेरच्या व्हरांड्यात ती बाई थांबली होती. मास्टरनं हात जोडले.

"खरं बोललात, बरं केलंत," ती म्हणाली. "भीतीनं माझ्या तोंडून शब्दच फुटत नव्हता त्या दिवशी. पण तुम्ही नुसतं 'आत कोण आहे' विचारलं असतंत ना, तर मी बोलले असते."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली. कोर्टानं सोडलेला मास्टर बराच वेळ तिथंच उभा राहिला.

मंडळी, आपल्यावर आरोप आला की 'कबूल म्हणा आणि सुटा' सांगणारे ढिगानं भेटतील. त्यांचं ऐकू नका. कागद वाचा, वकील गाठा, मोफत मिळतो तोही गाठा, आणि जे केलं नाही ते कुणाच्या सोयीसाठी पदरात घेऊ नका. पण जे केलं, ते स्वतःशी कबूल करा. त्यातून सुटका कुठल्याच कोर्टात होत नाही. मास्टर आजही कुलपाला हात लावण्याआधी दार वाजवतो आणि विचारतो, "आत कोण आहे?" गिऱ्हाईक चिडतं, "अहो, माझंच घर आहे, आत कुणी नाही!" तरी तो दाराला कान लावून थांबतो, आणि रिकाम्या घरातूनही कुणीतरी उत्तर देईल, असं त्याला दर वेळी वाटतं.