बोलणी खाऊन दूध देणारी गाय

गोठेवालीची तांबडी गाय बोलणी खाल्ल्याशिवाय पान्हा सोडत नसे, हे पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोठेवाली रोज सकाळी तिला खणखणीत झापायची, की दूध धो धो. नेमका आज गोठेवालीचा घसा बसला.

रांगेत घड्याळजी उभे होते. माणूस इतका मवाळ, की त्यांच्या दुकानात गजरसुद्धा कुजबुजत वाजायचा. पण आज प्रसंग बाका होता. पंधरा दिवस मुक्कामाला असलेल्या सासूबाईंनी काल पिशवीतलं दूध मोरीत ओतून सांगितलं होतं, "उद्या धारोष्ण दूध दिसलं नाही, तर साडेसातच्या गाडीने मी माझ्या घरी."

"आणि आईबरोबर मी," बायको म्हणाली होती.

गिऱ्हाइकांनी आपापलं तोंड वापरून पाहिलं. मास्तरांनी गाईला नापास केलं. ती रवंथ करत राहिली. हवालदाराने दम भरला. तिने शेपटीने त्याची टोपी उडवली.

"घड्याळजी, आता तुम्ही बघा," सडाशी बसलेली गोठेवाली घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मला नाही हो जमायचं."

"मग प्या कोरा चहा."

सात वाजून गेले. घड्याळजी खाकरले. "अगं बाई, हे काही बरं नव्हे," ते म्हणाले. गाईने जांभई दिली. तशी घड्याळजींच्या आत कुठेतरी कमान सुटली.

"पंधरा दिवस पलंग तुमचा, पंखा तुमचा, मी जमिनीवर. भाजी अळणी, उशी टणक, जावई बावळट. माझाच चष्मा लावून पेपर वाचता आणि वर मलाच विचारता, डोळे बारीक का करता म्हणून."

एवढ्या अदबीने त्या गाईला जन्मात कुणी झापलं नव्हतं. चारी सडांतून धबधबे सुटले. बादल्या भरल्या, कॅन भरले, हवालदाराने टोपी पुढे केली, मास्तरांनी छत्री उलटी धरली. गोठ्यातलं मांजर पोहत पोहत दाराबाहेर गेलं.

इतक्यात मागून ओळखीचा खोकला आला. गोठेवाली दुधात पाणी घालते का, ते बघायला सासूबाई मागोमाग आल्या होत्या, हातात किटली घेऊन. घड्याळजींनी झापणं अर्धवट सोडून वाकून नमस्कार केला. धारा जागच्या जागी थांबल्या.

सासूबाईंनी एकदा गाईकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि किटली गाईखाली सरकवली.

"थांबलात का, जावईबापू? माझं घोरणं राहिलंय की अजून."

साडेसातची गाडी भोंगा वाजवत निघून गेली, तेव्हा घड्याळजी घोरण्याच्या दुसऱ्या रात्रीपर्यंतच पोचले होते, आणि कडेला पेंढीवर बसलेल्या सासूबाई त्यांना विसरलेले मुद्दे आठवून देत होत्या.