चौथ्या सिलिंडरवरचा आळ

बाळकृष्णरावांचा कान म्हणजे एकेकाळी सरकारी शिक्का होता. चेन्नईतल्या एका संरक्षण कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं इंजिनं तपासली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि दोन मिनिटांत निकाल द्यायचा: तिसऱ्या सिलिंडरचं नोजल खराब, पाचव्याचा व्हॉल्व्ह बसत नाही. निकाल बहुतेक वेळा खरा निघे. हाताखालची शिकाऊ पोरं मात्र एकेका सिलिंडरच्या डिझेलनळीचा नट ढिला करून, इंजिन कशानं अडखळतं आणि कशानं नाही ते बघत बसत. तेव्हा हे त्यांना सगळ्यांदेखत विचारत, "नट ढिले करून बघायला तुम्ही काय बहिरे आहात?"

आता स्वतःच बहिरे होत चालले होते. हे फक्त त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना ठाऊक होतं, आणि बाळकृष्णरावांच्या मते तो प्रमोदिनीबाईंचा गैरसमज होता. हल्ली फोनवरची माणसं पुटपुटतात, इथल्या वेलचेरी भागातले दुकानदार तोंडातल्या तोंडात बोलतात, नवे टीव्ही कामाचे नाहीत. दोष सगळा जगाचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती त्यांनी तीन वर्षं घट्ट धरून ठेवली होती.

त्या मुठीपायी रघुची लॉरी भंगारात निघाली होती.

रघु म्हणजे त्यांच्या अपार्टमेंटला पाण्याचा टँकर आणणारा. लॉरी पंचवीस वर्षांची, मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. माणूस मूळचा तंजावरकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी मराठी बोलणारा. तमिळमध्ये बुडवून काढलेली ती मराठी ऐकायला बाळकृष्णराव टँकर रिकामा होईपर्यंत गेटपाशी उभे राहत. दोन आठवड्यांपूर्वी लॉरी उभ्याउभ्या थरथरायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शहाण्यासारखी चालायची, पाय काढला की अंगात आल्यासारखी हलायची आणि मध्येच बंद पडायची. रघु त्यांना 'सार' म्हणे; त्यानं साहजिकच सारांना बोलावलं. सार स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरले, इंजिनावर झुकले आणि त्यांनी निकाल दिला.

"चौथा सिलिंडर गेला. कॉम्प्रेशनच नाही, दाब धरत नाही. इंजिन उतरवावं लागेल, आणि या वयाच्या इंजिनावर खर्च करण्यात अर्थ नाही."

रघुनं दुसऱ्या कुणाला विचारलंही नाही. सार बोलले म्हणजे झालं. त्यानं भंगारवाल्याला शब्द दिला, आणि सोमवारपासून दुसऱ्याच्या टँकरवर पगारी ड्रायव्हर म्हणून जायचं ठरवलं. भंगारवाला शनिवारी अकराला येणार होता.

शनिवारी सकाळी प्रमोदिनीबाई अंघोळीला जाताना सांगून गेल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा." बाळकृष्णराव ओट्यापाशीच पेपर वाचत उभे होते. एकही शिट्टी झाली नाही म्हणून ते वाट पाहत राहिले. प्रमोदिनीबाई ओल्या केसांनी धावत आल्या तेव्हा डाळ तळाला लागून काळी झाली होती.

"अहो, मी आतून आठ मोजल्या," त्या म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच बाळकृष्णरावांना जास्त झोंबली.

बाळकृष्णराव त्या कुकरकडे बघतच राहिले. हातभर अंतरावरची शिट्टी ज्याला ऐकू येत नाही, त्याला नोजलची बारीक टकटक काय ऐकू येणार? त्या दिवशी चौथा सिलिंडर गप्प होता, की त्यांचा कान? घड्याळात सव्वानऊ झाले होते. खाली रघु शेवटची खेप रिकामी करत होता. आत्ता गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. लॉरी अकराला जाईल, बाळकृष्णरावांचा कान शाबूत राहील. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते चपला घालून खाली गेले.

"रघु," ते म्हणाले, "मला नीट ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. तुझा चौथा सिलिंडर गेलाय की माझे कान गेलेत, हे मला माहीत नाही."

रघु जोरात बोलला, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "हें अत्ता सांगतां, सार? दोन आठवडे झाले. मझी बायको रडली. अम्ही अस्कं, सगळं ठरवून बसलों."

"मला काय बोलायचं ते नंतर बोल. आधी सतरा नंबरचा पाना दे."

इंजिन चालू करून बाळकृष्णराव कामाला लागले. ज्या कामाला ते जन्मभर हसले, त्याच कामाला. डावा तळहात इंजिनावर ठेवायचा आणि उजव्या हातानं नळीचा नट ढिला करायचा. पहिला नट ढिला केला तसं डिझेल थुंकलं आणि इंजिनाची थरथर वाढली. म्हणजे पहिला जिवंत होता; मेलेल्या सिलिंडरचं डिझेल तोडून इंजिनाला काही फरक पडत नाही. दुसराही जिवंत, तिसराही. मग त्यांनी चौथ्या नटाला पाना लावला. नट ढिला झाला आणि लॉरी अशी गचकली की बंदच पडते की काय असं वाटलं. चौथा ठणठणीत होता. विनाकारण आळ आला होता बिचाऱ्यावर.

पाचवा आणि सहावाही धडधाकट निघाले. मग त्यांनी नट घट्ट करून प्रत्येक नळी दोन बोटांत धरली. नाडीसारखे ठोके लागत होते. मध्येच दुसऱ्या नळीत एक ठोका चुकला. थोड्या वेळानं पाचवीत, मग तिसरीत. दुखणं एका जागी नव्हतंच. सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या पंपात येणारं डिझेलच हवा घेऊन येत होतं. पण हवा शिरते कुठून?

इथे बाळकृष्णराव अडले. घड्याळ सव्वादहा दाखवत होतं. आणि मग त्यांनी चौतीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. कारखान्यात ते म्हणत, इंजिनाला विचारावं, चालवणाऱ्याला काय कळतं? आज त्यांनी चालवणाऱ्याला विचारलं.

"रघु, ही जास्त कधी हलते?"

रघुनं विचारसुद्धा केला नाही. "डिझेलटाकी भरली कीं बरी चालते, सार. अर्ध्याखालीं उतरली कीं सुरू."

"अरे, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीं, सार."

टाकी भरलेली असली की डिझेल आपोआप पुढे येतं. टाकी उतरली की पंपाला ते ओढावं लागतं, आणि वाटेत नळीला चीर असेल तर ओढताना हवाच आत येते. बाळकृष्णरावांनी वॉचमनकडून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणवली. डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर ठेवून त्यांनी नळी थेट पंपाला जोडली. रघुनं इंजिनावरचा छोटा हातपंप मारून नळीतली हवा काढली आणि किल्ली फिरवली.

इंजिन थोडं खोकलं. मग थरथर कमी होत गेली, आणि मिनिटाभरात तळहाताखाली एकसारखी लय लागली. बाळकृष्णरावांनी डोळे मिटले. हाताला इतकं सगळं कळतं हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं.

पुढचं काम सोपं होतं. रघु लॉरीखाली शिरला आणि टाकीपासून नळी चाचपत आला. केबिनच्या मागे, रबरी नळीवरच्या क्लिपेखाली केसाएवढी चीर सापडली. नवी नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर भागलं. ते बसवेपर्यंत भंगारवाला आला. लॉरी उभ्याउभ्या घड्याळासारखी चालत होती. त्यानं एकदा लॉरीकडे पाहिलं, एकदा रघुच्या तोंडाकडे, आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

रघु मात्र बाळकृष्णरावांशी फारसं बोलला नाही. पाना पुसून त्यानं परत दिला, मान हलवली आणि निघाला. रागावलाय, आणि त्याचं बरोबरच आहे, असं त्यांनी वर जाऊन प्रमोदिनीबाईंना सांगितलं. आता तो परत आपल्याला काही विचारणार नाही, हेही सांगितलं. बहिऱ्या कानाचं कुणाला काय काम? त्या दिवशी ते जेवले नाहीत. डाळ दुसरी केली होती, तरीही.

गुरुवारी ते प्रमोदिनीबाईंबरोबर कान तपासून आले. रविवारी सकाळी रघु दारात उभा होता. सोबत कार्तिक नावाचा दुसरा टँकरवाला होता, गोंधळलेला. त्याची लॉरी चढावर काळा धूर सोडत होती.

रघुनं त्याला सरळ तमिळमध्ये सांगितलं, "सारांना कमी ऐकू येतं." बाळकृष्णरावांनी मान खाली घातली.

"म्हणून जोरात सांग," रघु पुढे म्हणाला, "आणि काही राखून ठेवू नकोस. सार आधी सगळं विचारून घेतात."

बाळकृष्णरावांनी कार्तिकसाठी खुर्ची पुढे ओढली, स्वतः त्याच्या अगदी जवळ बसले आणि विचारलं, "कधीपासून?"