प्रश्न सतरावा

"बारापैकी नऊ उत्तरं बाद झालीत तुमच्या गावची," प्रियामॅडम फोनवर म्हणाल्या. "सत्यशीलाताई, बायका न ऐकताच बटणं दाबतात का?"

सत्यशीला नुकतीच एसटीतून उतरली होती. जांभूळहेटीत रेंज येते ती थांब्याजवळच्या चिंचेखाली, आणि दोन पावलं इकडेतिकडे झाली की जाते. म्हणून ती डाव्या पायावर भार देऊन तिथेच उभी राहिली. उजवा गुडघा हल्ली बोलायला लागला होता.

"मी स्वतः वाचून दाखवते मॅडम. एकेक प्रश्न."

"मग सतराव्याला इतक्या जणींनी हो कसं म्हटलं?"

सतरावा प्रश्न होता, गेल्या सहा महिन्यांत तुम्ही घराच्या आसपास वाघ पाहिला आहे का?

"तो खरा प्रश्नच नाही," मॅडम समजुतीच्या सुरात सांगू लागल्या. "माणूस लक्ष देऊन भरतोय की नाही हे कळायला तो मुद्दाम टाकलाय. कुणीच हो म्हणणार नाही असा. हो म्हटलं की फॉर्म तिथेच बंद होतो."

"मॅडम, इथे दिसतो वाघ."

मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांच्या शहरात वाघ पिंजऱ्यात असतो, एवढंच.

"असेल हो. पण राज्यभर हाच फॉर्म सुटलाय, आता बदलता येत नाही. संध्याकाळपर्यंत नवी लिंक चालू ठेवते. रेंजमध्ये उघडून घ्या, मग रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो. त्यांना 'नाही' दाबायला सांगा. नाहीतर गाव पॅनलमधून वगळावं लागेल."

सत्यशीला बावीस वर्षं हेच काम करत होती. आधी कागदी फॉर्म असत. पिशवीभर फॉर्म घेऊन ती चिमूर तालुक्यात गावोगाव फिरली, आणि उंबऱ्यात बसताच तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "खरं तेच सांगा, इथं कोनी मास्तर नाई." फॉर्मच्या तळाला शेऱ्याची जागा असायची. रकान्यात न मावलेलं सगळं ती तिथे लिही. गेल्या वर्षी संस्थेने पॅनल सुरू केलं. त्याच बारा बायका, दर महिन्याला फोनवर लिंक, शेरा नाही. पॅनल म्हटल्यावर गावाला ग्रामपंचायतीची निवडणूक आठवली. "कोनाच्या विरोधात हाये बाई हे पॅनल?" असं पत्रूभाऊंनी विचारलं होतं आणि अख्खी हेटी हसली होती. पत्रूभाऊ चैत्रात गेले.

गाव वगळलं जाणं तिला परवडणारं नव्हतं, तिच्याकडे अशी चारच गावं उरली होती. पण त्याहून तिला खुपत होता तो अठरावा प्रश्न. संध्याकाळी घराबाहेर पडायची भीती वाटते का? त्या एका प्रश्नासाठी तिने या बायकांना वर्षभर धरून ठेवलं होतं, आणि वाघ पाहिलेली बाई तिथवर पोचतच नव्हती. पास झालेल्या तिघी कोण, हेही तिला ठाऊक होतं. त्यांना निंदणाला जायची घाई होती आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या नाही म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. अहवालात त्याच येणार होत्या. बायका बिनघोर आहेत म्हणून.

दुपारपर्यंत आठ जणींनी 'नाही' दाबलं. कुणी हसत, कुणी कंटाळून. "बावीस वर्सं खरं बोला म्हने, आता खोटं शिकवून राह्यली सर्वेवाली," सोमारी म्हणाली. सत्यशीलाही हसली, पण तोंड कडू झालं. अठराव्याला मात्र आठही जणींनी 'होय' सांगितलं, तेवढंच बरं.

नववी होती गुणाबाई, पत्रूभाऊंची बायको.

तिने पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि पदर नीट करून समोर बसली. सर्वेक्षणाला ती कायम अशीच बसे, फोटो काढायचा असल्यासारखी. सोळा प्रश्न झाले. सतरावा वाचताना सत्यशीलाचा आवाज खाली गेला.

"पाह्यला," गुणाबाई म्हणाली.

"गुणाबाई, इथं नाई म्हना."

"काऊन?"

सत्यशीलाने सगळं सांगितलं. लक्षाची परीक्षा, बंद पडणारा फॉर्म, पुढचा प्रश्न, वगळलं जाणारं गाव. गुणाबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आमी दोघं मोहाची फुलं येचून राह्यलो होतो," ती मग म्हणाली. "वाघानं घरधन्याले धरलं तवा मी वीस पावलांवर होती. पंचनाम्याच्या साहेबानं तीनदा इचारलं, वाघच होता का, तुमी सोता पाह्यला का. तीनदा होय म्हनलं. अंगठा देला. आता नाई कशी म्हनू?"

"तो कागद वेगळा हाये."

"मानूस त तोच हाये ना बाई."

सत्यशीलाला एकदम थकल्यासारखं झालं, बावीस वर्षांची पायपीट आत्ताच पायात उतरल्यासारखं. पटकन 'नाही' दाबून पुढे जाता आलं असतं. गुणाबाईला वाचता येत नव्हतं, कळलंही नसतं. अंगठा काचेवर आला, थोडा थांबला, आणि तिने 'होय' दाबलं.

आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद, असं पडद्यावर आलं.

"पुढं काय इचारते?" गुणाबाई तशीच ताठ बसली होती.

पुढे काहीच नव्हतं. सत्यशीलाने फोन पिशवीत ठेवला आणि कागदी फॉर्मच्या दिवसांतल्या आवाजात विचारलं, "संध्याकाळी घराबाहेर निघायले भेव वाटते का?"

नीट विचारलेल्या प्रश्नाला द्यावा तेवढा वेळ गुणाबाईने दिला.

"वाटते. लय वाटते. पन दार लावनं होत नाई."

"काऊन?"

"घरधनी अजून बाहेरच हाये ना."

हे लिहायला जागा कुठेच नव्हती. सत्यशीला बसूनच राहिली. पाच वाजता शेवटची एसटी होती, सोबतीला चार माणसं जमवून बोलत बोलत थांब्यापर्यंत जायचं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, गुणाबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आली. सवयीने तिने मागे दार ओढून घेतलं. दोन पावलं गेल्यावर तिला आठवलं. ती परत आली, दार सताड उघडलं आणि ते वाऱ्याने लागू नये म्हणून खाली एक दगड लावला.