कुसुमबाईंची साक्ष

"दीदी, आप बाहर जाइए. कमरे में और कोई नहीं रहेगा," कोर्टाकडून आलेल्या लोकेश नावाच्या कर्मचाऱ्यानं लॅपटॉप स्टुलावर ठेवता ठेवता सांगितलं.

देवयानीनं सासूच्या पाठीमागची उशी सारखी केली. "आई, घाबरू नका. मी दाराशीच आहो."

"मी काहून घाबरू?" कुसुमबाई म्हणाल्या. तळहात मात्र त्या पदराला पुसत राहिल्या.

खुब्याचं हाड मोडल्यापासून चार महिने त्या पलंगावर होत्या. बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या त्या अरुंद गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी घरूनच व्हिडिओवर साक्ष द्यायची परवानगी दिली होती. दावा देवयानीचा. तिचा नवरा, कुसुमबाईंचा एकुलता एक विराज, आठ वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला म्हणून सिलतऱ्याला निघाला, तो कारखान्यात पोचलाच नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मेलेला मानतो. आणि खबर लागली तर ती आधी आईला लागणार, म्हणून साक्ष कुसुमबाईंची. कोर्टानं तसं जाहीर केलं की देवयानीला भार्गवशी लग्न करता येणार होतं. आपल्या ऑफिसातल्या त्या सभ्य माणसाबद्दल तिनंच सासूला सांगितलं होतं, पाय चेपता चेपता, मान वर न करता.

पडद्यावर न्यायाधीश दिसले. शपथ झाली. वकिलानं विचारलं, "माताजी, आठ साल में बेटे की कोई चिट्ठी, कोई फोन?"

कुसुमबाईंनी दाराकडे पाहिलं.

एक फोन आला होता. गेल्या दिवाळीत, देवयानी सदर बाजारात गेली असताना. पलीकडून कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. "विराज? बाबू, तू आहेस का रे?" त्यांनी विचारलं आणि फोन कटला. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही. कुणाचा तरी चुकून लागला असेल, असं त्यांनी स्वतःला हजारदा समजावलं. पटलं एकदाही नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

दाराखालच्या फटीतून देवयानीची पावलं दिसत होती. जराही हलत नव्हती.

"नहीं," कुसुमबाई म्हणाल्या. "कोई खबर नहीं."

"आवाज नहीं आ रही. फिर से बोलिए," वकील म्हणाला.

"कोई खबर नहीं."

चित्र गोठलं. लोकेशनं वायर हलवून पाहिली. "माताजी, थोड़ा जोर से."

कुसुमबाईंनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. पुढे सरकताना खुब्यातून कळ गेली. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "मेरा बेटा नहीं है, साहब! नहीं है वो!"

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहवून घेतलं. पडदा काळा झाला. लोकेश सामान आवरून निघून गेला.

देवयानी आत आली आणि त्यांच्या पायांवर कोसळली.

"आता काहून रडून राहिली? भार्गवले फोन कर. झालं म्हणून सांग."

"तुमच्याजवळ कोण राहील, आई?"

तिला उठवायला कुसुमबाईंना वाकता येईना. हात पुरला तिथवर, तिच्या खांद्यावर, त्यांनी तो ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.