फोनचं स्थळ

आमच्या मालनआत्यानं तिचा फोन पापडाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, तिथून हे सगळं सुरू झालं.

आत्या बजाजनगरला आमच्या मागच्याच गल्लीत राहते आणि लग्नं जुळवते. ना बोर्ड, ना ऑफिस. तरी वाळूजपासून कन्नडपर्यंतचे लोक तिच्याकडे येतात, कारण आत्याला सांगितलेलं आत्यापाशीच राहतं. मागच्या महिन्यात कचरूकाका येऊन संध्याताईबद्दल हळूच बोलून गेले. संध्याताई त्यांची मुलगी, एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं पहिलं लग्न मोडलं. मग जमत आलेलं एक स्थळ कुणीतरी मध्येच तोंड घातल्यामुळे फिस्कटलं. म्हणून या वेळी पक्कं होईपर्यंत कानोकान खबर नको, एवढीच काकांची अट.

आणि त्याच संध्याकाळी आत्यानं फोन उघडला, तर लेहंग्यांच्या जाहिराती! एकाखाली एक, गुलाबी, राणी, मोरपंखी. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं जणू दुकान माझंच आहे.

"हे मेलं ऐकतंय, पेरणे."

माझं नाव प्रेरणा आहे. दहावीत आहे. पण आत्याच्या तोंडी मी कायम पेरणी.

"तू फोनवर काही शोधलं होतंस का?"

"मंगल कार्यालय बघितलं व्हतं जरा. ते येगळं."

तेव्हापासून फोन डब्यात. "स्टीलचा हाय, आवाज आत जात नाय," आत्या म्हणाली. मी गुपचूप माझ्या फोनवरून रिंग दिली. डबा थरथरला, झाकण टणटणलं, आणि आतून आत्याच्या रिंगटोनची आरती जोरात सुरू झाली. आत्यानं डब्याकडे जे बघितलं ना! सख्ख्या भावानं दगा दिल्यासारखं.

"डबा सोड," मी म्हणाले. "मी करते बंदोबस्त."

आता सांगायलाच हवं की दिवाळीच्या सुट्टीत मी पप्पांच्या जुन्या फोनमध्ये मुक्त सॉफ्टवेअर टाकलं होतं. म्हणजे कंपनीनं दिलेली सिस्टीम काढायची आणि दुसरी टाकायची, जिचा कोड जगातला कोणीही उघडून वाचू शकतो, बदलू शकतो. पहिल्यांदा तो फोन विटेसारखा पडून राहिला. दुसऱ्यांदाही वीटच. तिसऱ्यांदा उठला! त्या दिवसापासून मी जराशी हवेत आहे, हे मलाही माहितीये.

"मग नाय ऐकणार?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"गॅरंटी?"

"शंभर टक्के!"

हीच माझी चूक. गॅरंटी द्यायची ती कोणाला, तर मालनआत्याला! तिच्या वहीत प्रत्येक स्थळाचं एक पान असतं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. 'मुलगा निर्व्यसनी' हे कायम उजवीकडे पडतं, आत्या त्या गावच्या पानटपरीवर जाऊन स्वतः उभी राहीपर्यंत. मुलाच्या आईनं देवाची शपथ घेतली तरी उजवीकडेच. अशी बाई माझ्या दोन शब्दांवर विसंबली, कारण मी तिची भाची. मला तेव्हा फक्त भारी वाटलं.

रविवारी आमच्या हॉलमध्ये ऑपरेशन. केबल, लॅपटॉप, आत्याचा फोन, आणि सोफ्यावर पप्पा. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत आहेत. तिथं रोज गेटवर प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात.

"आमचा वॉचमन कुठलंच सॉफ्टवेअर विचारत नाही," पप्पा म्हणाले. "सरळ स्टिकर मारतो."

"पप्पा, ते अडाणी तंत्रज्ञान झालं."

"आठ वर्षांत एकदाबी हँग झालं नाही, बेटा."

दोन तासांत फोन तयार. एकदम कडक. नवीन, हलका, जाहिरात औषधालाही नाही. फक्त एकच भानगड. फोन चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी यायच्या आणि पाच सेकंदांनी जायच्या. अर्थ असा की या फोनचं कुलूप उघडलेलं आहे आणि यावर विश्वास ठेवता येत नाही. मी विश्वासासाठी एवढा घाम गाळला, आणि फोन स्वतःच बोंबलत होता!

"काय म्हणतंय?" आत्यानं विचारलं. तिला इंग्रजी येत नाही.

"नमस्कार म्हणतंय," मी म्हणाले.

आत्या खूश. तिनंही फोनला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी या ओळी का येतात ते शोधायला बसले, आणि वाचता वाचता चहा गार झाला. ओळींचं काही विशेष नव्हतं. मूळची सिस्टीम काढली की कंपनीचा फोन असं रुसतोच. पण पुढचं वाईट होतं. फोनमध्ये नेटवर्क पकडणारी एक चिप असते. तिच्या आत तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर चालतं, कंपनीच्या कुलपात, आपल्याला न दिसणारं. माझं मुक्त सॉफ्टवेअर बसलेलं होतं तिच्याच शेजारी. म्हणजे घर आपलं, रंग आपण दिला, पडदे आपले, पण जिन्याखालच्या खोलीची किल्ली बिल्डरकडे. आत काय आहे? कदाचित नुसता झाडू असेल. पण मी कुठं बघितलाय?

शंभर टक्क्यांचं काय करायचं? उद्या सांगू, असं ठरवलं. मग परवा. मग गुरुवार उजाडला आणि कचरूकाका संध्याताईला घेऊन आत्याकडे आले. देवगाव रंगारीहून स्थळ आलं होतं, आणि आज सगळं मोकळेपणानं बोलायचं होतं. पहिलं लग्न का मोडलं, तेसुद्धा.

मी तिथंच होते. आत्यानं फोन मोठ्या दिमाखात मधोमध ठेवला.

"आता काळजी नाय बघा, कचरूभाऊ. आमच्या पेरणीनं यालाबी संस्कार लावले. नमस्कार करतो! ए पेरणे, बंद करून चालू कर गं."

"राहू दे ना आत्या..."

"अगं, कर की!"

केला. काळा पडदा आला. संध्याताई पुढं वाकली. तिनं वाचलं. मग मोठ्यानं, मराठीत, एकेक शब्द सांगितला.

कचरूकाकांनी टोपी उचलली. "येतो आम्ही, मालनताई. आमचं एकदा मोडलंय. पुन्हा नको."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, थांबा," मी म्हणाले, आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. नमस्कार, ओळी, चिप, जिन्याखालची खोली, बिल्डर. "मी खोटं बोलले. मला भारी दिसायचं होतं."

काका दारापर्यंत पोचले होते. संध्याताई मात्र उठली नाही. "बरं," ती म्हणाली, "मग तुला नक्की काय काय माहितीये?"

आत्यानं वही ओढली. कोरं पान, मधोमध रेघ. वर लिहिलं, 'फोन'.

"सांग. पुन्हा शंभर टक्के म्हणालीस तर पेन डोक्यात घालीन."

"जाहिराती बंद झाल्या."

"पाहिलं. चार दिवस." डावीकडे.

"कोड कोणीही वाचू शकतं."

"तू वाचलास?"

"लाखो ओळी आहेत गं!"

"ऐकलं." उजवीकडे.

"पण वाचणारे लोक खरंच आहेत. चूक सापडली की तारखेसकट सगळ्यांसमोर मांडतात. ते मी स्वतः बघितलंय."

आत्या थांबली. मग डावीकडे लिहिलं.

"आणि ती चिप?"

"ती कशी वागते ते मी पाहिलेलं नाही. आणि जे ऐकलं ते कंपनीचंच."

आत्यानं रेघेवरच एक मोठं शून्य काढलं, दोन्हीकडे अर्धं अर्धं. मग पान संध्याताईपुढं धरलं. "बघ. एकाबी पोराच्या बापानं मला इतकं खरं पान भरू दिलेलं नाय."

संध्याताईला हसू आलं. काका दारातच घुटमळले. "मंग बोलायचं का नाय?"

"बोलायचं. पेरणे, हा फोन तुमच्या घरी ठिवून ये."

मी उचलला, आणि तेव्हाच माझं लक्ष गेलं. "काका, तुमच्या खिशात काय आहे?"

काकांनी सदऱ्याच्या खिशात बघितलं. त्यांचा फोन! कंपनीच्या सिस्टीमचा, जसा दुकानातून आला तसाच. आतापर्यंतचं सगळं बोलणं त्याच्यासमोर झालेलं! विंचू धरावा तसा त्यांनी तो दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला. मग संध्याताईनं तिचा दिला, आणि मी माझा काढला. चारही फोन आमच्या फ्रिजवर रांगेत. पप्पा म्हणाले, "गेटवर जमा केले होय?"

परत गेले तेव्हा आत्याच्या दाराला आतून कडी होती. मी पायरीवर बसले. एक तास.

रविवारी आम्ही चौघं देवगाव रंगारीला जाऊन आलो. वही माझ्या हातात होती. आत्यानं ती स्वतःहून मला धरायला दिली. मुलानं चहा स्वतः करून आणला, संध्याताईशी तिच्या पहिल्या लग्नाबद्दल सरळ बोलला, आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. तिन्ही गोष्टी मी डावीकडे लिहिल्या. चहात आलं कमी होतं, तेही लिहिलं.

साखरपुड्याच्या दिवसापर्यंत गल्लीत कुणालाही पत्ता नव्हता. आत्याचा फोन आता चोळीच्या पाकिटात असतो, आणि कुणी मनातलं बोलायला आलं की आमच्या फ्रिजवर.

काल कचरूकाका धापा टाकत आले. फोन माझ्यापुढं धरला. लेहंगे, शेरवान्या, आणि एक घोडा भाड्यानं.

"पेरणे, माझ्यातबी टाक बाई ते तुझं. पण गॅरंटी हाय ना?"

"बसा काका," मी म्हणाले, आणि आत्याच्या कपाटातून वही काढली.