आखाजीच्या आठवड्यात वाळवंट

सात दिवस वाळवंटात जाऊन राहायचं असं रुपचंदने सांगितलं, तेव्हा भागाबाईला पहिल्यांदा वाटलं की पोराने कुठे मारामारी-बिरामारी केली आणि आता तोंड लपवायला निघाला. तिने भाकरी तव्यावरच ठेवून विचारलं, "काय करं रे तू?"

"काहीच नही माय. आम्ही देखाले जाई ऱ्हायनूत."

"काय देखाले?"

"वाळवंट. मारवाडमा."

"तठे काय शे?"

"काहीच नही शे. तेच तं देखानं ऱ्हास!"

भागाबाईची भाकरी करपली. जिथे काहीच नाही ते बघायला माणूस गाडीभाडं भरून जातो, ही विद्या शिंदखेड्यात आजवर कुणाला ठाऊक नव्हती. ती धुळ्याच्या हायस्कुलातून आली असणार, असं तिने धरलं. रुपचंद तिथे चार वर्षं होता आणि येताना भांग पाडायची पद्धत तेवढी घेऊन आला होता.

हे एकोणीसशे चौतीस सालचं. होळी होऊन गेली होती, कपाशीची बोंडं वेचून झाली होती, आणि घरचा धनी म्हणवणारा पंचवीस वर्षांचा रुपचंद दिवसभर माडीवर बसून हिंदुस्थानच्या नकाशावर बोट फिरवत होता. सोबतीला दोघे. एक निंबा, वकिलाच्या कचेरीतला कारकून. साहेबी पुस्तकं वाचून त्याचं डोकं फिरलं होतं. दुसरा जीवराम, कापसाचा दलाल. हा एकदा कुणा मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी लग्नाला मारवाडात जाऊन आला होता, तिथे उंटावर बसून पडला होता, आणि तेवढ्या भांडवलावर वाळवंटातला जाणकार झाला होता.

बेत असा होता. मारवाडात वाळवंटाच्या कडेला एक लहानसं गाव होतं. जीवरामच्या व्यापाऱ्याचं जुनं घर तिथे रिकामं पडलेलं. आगगाडीने त्या गावापर्यंत जायचं, त्या घरी मुक्काम टाकायचा, आणि तिथली एक मोटार भाड्याने घेऊन रोज सकाळी निघायचं. एक दिवस वाळूचे डोंगर, एक दिवस मिठाचं तळं, एक दिवस कुठलासा किल्ला. रात्री पुन्हा त्याच गावी यायचं.

"मुक्काम एकच ठेवायचा," निंबा माडीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचा. "म्हणजे रोज वळकटी बांधा-सोडायची कटकट नाही. युरोपातले लोक असंच करतात."

युरोपातल्या लोकांच्या वळकट्या निंबाने कुठे पाहिल्या होत्या देव जाणे. त्याची स्वतःची वळकटी त्याची बायको बांधत असे.

भागाबाई हे खालून ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तिचा राग वाळूवर नव्हता. जा म्हणावं, वाळूत लोळा, उंटाखाली चिरडून घ्या. राग होता तो मुहूर्तावर. या तिघांनी निघायचं ठरवलं होतं ते नेमकं आखाजीच्या तीन दिवस आधी.

का, तर तेव्हा सवड. शेतं मोकळी, कापसाची जिनं बंद, वकिलाच्या कचेरीला सुट्टी. वैशाखात वाळवंटात माणूस भाजून निघतो, असं कुणी म्हटलं की रुपचंद हसायचा. "धुळ्या-जळगावचं ऊन खाल्लेली माणसं आम्ही. मारवाडचं ऊन आम्हाला चांदणं!" याची त्याला एवढी खात्री होती की त्याने बाकी काही विचारच केला नाही. तिकडचे लोक तरी या दिवसांत घराबाहेर पडतात का, हेही कुणाला विचारलं नाही.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, सासुरवाशिणींचा सण. आंब्याचा रस, खापरावरचे मांडे, कडुनिंबाच्या झाडाला झोके, आणि झोक्यावर बसून सासूच्या नावाने गाणी. वर्षभर मान खाली घालून राबलेल्या पोरींना एवढे चार दिवस मिळतात. पण पोर आपली आपण माहेरी येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, मुऱ्हाळी म्हणून. भाऊ गेला तर उत्तम, नाही तर चुलता, तोही नसला तर घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पण पुरुष माणूस हवा, आणि आखाजीच्या आत जायला हवा.

भागाबाईची सुंदर चोपड्याजवळच्या खेड्यात दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली, अजून कूस उजवली नव्हती. गेल्या दोन आखाज्यांना तिला कुणी आणलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिचा बाप नुकताच गेला होता, घरात सुतक. ते सगळ्यांनी समजून घेतलं. दुसऱ्या खेपेला रुपचंद बोलपट बघायला सुरतेला गेला आणि तिथेच रमला. ते कुणी समजून घेतलं नाही. माघ महिन्यात अमळनेरच्या बाजारात सुंदरच्या सासरचा एक माणूस भेटला होता, त्याने विहिणीचा निरोप आणला: यंदा न्यायला कुणी आलं नाही, तर पुन्हा येऊ नका. पोरीला माहेर नाही, असं आम्ही धरू.

एवढाच निरोप होता, पण भागाबाईची झोप उडाली होती. ज्या पोरीला माहेर नाही तिला सासरी कोण कसं वागवतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सुंदरले लेवाले कोन जाई?" तिने रुपचंदला विचारलं.

"हिलालले धाडसूत ना," तो म्हणाला. हिलाल घरचा सालदार. रुपचंदचं बोट तेव्हा नकाशावर अजमेरच्या आसपास होतं.

मग तयारी सुरू झाली. तीन सोला टोप्या आल्या, साहेब लोक उन्हात घालतात तसल्या. निंबाची त्याच्या कानांवर उतरायची, म्हणून आत कापूस भरला. धुळीसाठी निळ्या काचांचे चष्मे आले. पाण्यासाठी कॅनव्हासच्या छागली आल्या, आणि त्या ओल्या करून माडीच्या खिडकीत टांगल्या गेल्या. त्यांचं पाणी थेंब थेंब भागाबाईच्या खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्यांवर, ज्वारीच्या पापडांवर, पडलं आणि एक अख्खी खाट वाया गेली. तिघांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी वरून हुकूम सोडला की सात दिवस पुरतील एवढ्या दशम्या लागतील, दुधात मळलेल्या, आणि शेव, आणि कैरीचं लोणचं, तेल वर तरंगेल असं.

"तठे लोक काय माती खातस का?" भागाबाईने विचारलं.

एक दिवस त्यांनी तालीम केली. खरंच केली. भर दुपारी टोप्या घालून, चष्मे लावून, छागली खांद्याला अडकवून तिघे बुराई नदीच्या कोरड्या पात्रात उतरले, वाळूत चालायचा सराव करायला. गावातली पोरंसोरं, म्हशी राखणारे, धोबिणी, सगळे काठावर जमले. पलीकडचा काठ गाठायच्या आतच निंबाला गरगरलं आणि तो सोला टोपीसकट आडवा झाला. त्याला बाजेवर घालून आणला. भागाबाईनेच त्याच्या तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "अनुभव चांगला होता." भागाबाईने उरलेला कांदा चुलीत टाकला. या बाप्याच्या अंगाला लावलेला कांदा कोशिंबिरीत घालायची तिला शिसारी आली.

त्याच आठवड्यात रुपचंदच्या बायकोला, यशोदाला, न्यायला तिचा भाऊ आला. धाकटाच होता, मिसरूड नुकतं फुटलेलं, पण डोक्याला फेटा बांधून, बैलांच्या शिंगांना रंग लावून, रुबाबात आला. रुपचंदने त्याला पाटावर बसवलं, रसाची वाटी पुन्हा पुन्हा भरली, आणि वाळवंटाच्या गप्पा मारल्या. यशोदा गाडीत बसताना हसत होती. रुपचंद दारात उभा राहून हात हलवत होता. आपल्याही बहिणीच्या दारात अशी एक गाडी जायला हवी, हे त्या टाळक्यात त्या वेळीसुद्धा शिरलं नाही. भागाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. याला आपण दूध पाजलं, या विचाराने तिला लाज वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी सालदार हिलाल ओट्यापाशी येऊन उभा राहिला. हातात काठी, खांद्यावर गाठोडं.

"मनं साल सरनं, भाऊ. मी जास."

रुपचंद वळकटी बांधत होता. आखाजीला सालदाराचं साल संपतं, तो घरी जातो, आणि पुढच्या सालाचं बोलणं त्याआधी करायचं असतं, हे खानदेशात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. रुपचंदने बोलणं केलं नव्हतं. महिनाभर त्याला वेळच कुठे होता!

"चार दिन थांबी जाय ना," तो म्हणाला. "सुंदरले लेवाले तुले धाडनं शे."

"मनी बहीन बी वाट देखी ऱ्हायनी व्हई, भाऊ," हिलाल म्हणाला. "तिले लेवाले मालेच जानं पडी." तो भागाबाईच्या पाया पडला आणि सातपुड्याच्या वाटेला लागला.

सालदाराला बहीण होती आणि ती त्याला आठवत होती. भागाबाईने लेकाकडे पाहिलं.

रुपचंद वैतागला. कुणावर वैतागायचं ते न कळल्याने वळकटीच्या दोरीवर वैतागला. "मी येवावर सोता जासू ना," तो म्हणाला. "आठ दिननी तं गोट शे. तठलं घर ठरेल शे, मोटार ठरेल शे. आते कसं बदलाव?"

"तुन्हासाठे आखाजी थांबाव नही, रुपचंद."

"तू उगाच मोठं करस, माय."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तिघांना हार घातले गेले. कुणीतरी पेढे वाटले. मारवाडात कुणी जातच नाही अशा थाटात जीवराम लोकांना उंटाविषयी सांगत होता, आणि सुरतेची गाडी सुटली तेव्हा तिन्ही सोला टोप्या खिडकीतून हलल्या. भागाबाई गेली नव्हती. ती घरी पेटीतून स्वच्छ लुगडं काढत होती.

त्याच्या पुढल्या दिवशी ती उलट दिशेच्या गाडीत बसली, एकटीच. शेजारच्या बायकांनी तोंडात बोटं घातली. विधवा बाई मुऱ्हाळी होऊन निघाली, हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. अमळनेरला उतरून तिने भाड्याची बैलगाडी केली. ऊन मी म्हणत होतं. तापीत गुडघ्याएवढं पाणी होतं, तिथून गाडी उतारावरून पलीकडे नेली. गाडीवाल्याने बैलांना पाणी पाजलं, स्वतः प्याला, तिलाही विचारलं. ती नाही म्हणाली. गाडी हाक, एवढंच तिने सांगितलं. वाटेत ती सारखी शब्द जुळवत होती. पोरगा आजारी आहे म्हणावं का? कोर्टाचं काम निघालं म्हणावं? त्या टोणग्यासाठी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण पोरीचा मान राखायचा तर काहीतरी बोलावं लागणार होतं.

सुंदरच्या सासरी ताईबाई, तिची विहीण, अंगणात गव्हाला चाळणी लावत बसली होती. गाडी थांबली तशी तिने मान वर केली. भागाबाई खाली उतरली. गाडीत मागे आणखी कुणी नाही, हे ताईबाईने बघून घेतलं, आणि चाळणी बाजूला ठेवली.

"या," ती म्हणाली. आतून पाण्याचा तांब्या मागवला नाही. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही, हे दोघींना माहीत होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती तरी भागाबाई उन्हात उभीच राहिली.

"सुंदरले लेवाले उनू," ती म्हणाली.

"तुम्ही?" ताईबाईच्या आवाजात जी हेटाळणी होती ती भागाबाईने लगेच ओळखली. महिनाभर रुपचंदशी बोलताना ती तिच्याच आवाजात होती. "बाई मानूस मुऱ्हाळी व्हईसन उनी? अन् भाऊ कोठे शे तिना?"

दारामागे बांगड्या वाजल्या. सुंदर तिथेच उभी होती.

आजारी आहे, कोर्टाचं काम आहे, सगळं तिच्या तोंडाशी आलं. पण त्या निळ्या काचांचे चष्मे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि जुळवलेला एकही शब्द बाहेर पडेना.

"भाऊ नही शे तिले," भागाबाई म्हणाली. "मी शे."

ताईबाईने पदराने हात पुसले. गव्हातला एक खडा वेचून लांब फेकला.

"मना भाऊ बी उना नही," ती शेवटी म्हणाली. "एकदा नही, कितल्या आखाज्या. मी ओटावर बशीसन वाट देखू." तिने भागाबाईकडे पाहिलं. "पन मनी माय मातर घरमाच बशी ऱ्हायनी." आणि मान न वळवता तिने दाराकडे हाक मारली, "सुंदर, लुगडं बदल. तुनी माय उनी."

सुंदरला लुगडं बदलायला वेळ लागला नाही, ती ते नेसूनच उभी होती. गाठोडंही बांधलेलं होतं. ती धावत उंबऱ्याबाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने मान उंच करून गाडीत पाहिलं, मग गाडीच्या मागे, मग लांब वळणापर्यंतच्या रस्त्याकडे, कुणी पाणी प्यायला-बियायला मागे राहिलंय का. रस्ता मोकळा होता. भागाबाईने तिचं ते बघणं पाहिलं, आणि महिनाभर रुपचंदला बोलताना जिला एकदाही शब्द कमी पडला नव्हता, तिला त्याच्यासाठी शिवीसुद्धा सापडली नाही.