लांबत गेलेली होडी

वादळाच्या तिसऱ्या दिवशी आमची शिडाची होडी लांबायला लागली. मी पुढच्या टोकाला होतो, माझा थोरला भाऊ नारूदादा मागे सुकाणूवर. आधी त्याची हाक बारीक झाली, मग तो नुसते हातवारे करू लागला. पाचव्या दिवशी तो दिसेनासा झाला.

सहाव्या दिवशी सकाळी पुढचं टोक बंदराला लागलं. दोर मी एकट्यानेच बांधले. इथे वारा नव्हता. धक्क्यावरच्या कारकुनाने होडीत माणसं किती म्हणून विचारलं. मी दोन सांगितली. त्याने होडीच्या कडेने नजर नेली. होडी खाडीबाहेर, पार क्षितिजापर्यंत गेली होती. त्याने एक लिहिलं.

बंदरावरचे सुतार धाकू मेस्त्री यांनी फुटलेल्या फळ्या बदलल्या, मोडलेली डोलकाठी नवी बसवली, फटींत काथ्या ठोकून वर डांबर ओतलं. काम चोख होतं, तरी पाणी चढतच राहिलं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि हे पाणी बंदरातलं नाही म्हणाले. ते मागून येत होतं. तिकडे अजून वादळ चालू होतं.

"कापायला लागेल," ते म्हणाले. "नाहीतर संध्याकाळपर्यंत हा भागही जाईल."

मी त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि तळाच्या फळीला कान लावला. फार लांबून डब्याने पाणी उपसल्याचा आवाज येत होता. एकच डबा, एकाच माणसाचा. मी मुठीने तीन ठोके दिले. मेस्त्रींचा चहा पिऊन झाला, विडी ओढून झाली, तेव्हा तीन ठोके परत आले. मग डबा पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा सावकाश.

मागच्या टोकापर्यंत चालत गेलो तर किती दिवस लागतील, असं मी विचारलं.

"ती अजून लांबतेच आहे," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी खडूने आडवी रेघ मारली. धक्क्याकडच्या भागात माझं अंथरूण होतं, चूल होती, नवी डोलकाठी होती. पलीकडे नुसती ओली लाकडं.

करवत मोठी होती, दुसरी मूठ धरायला माणूस लागणार होता. ती मी रेघेच्या पलीकडे बसून धरली. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि करवत रेघेवर टेकवली. आम्ही बराच वेळ एका तालात ओढत राहिलो.

शेवटची फळी सुटली तेव्हा त्यांच्या बाजूला ऊन होतं. माझ्या बाजूला पाऊस लागला होता.